सोलापूर ते न्यूयॉर्क : दारापासून दारापर्यंत किती तास?

काल माळा आवरताना मुलीचा जुना पृथ्वीगोल हाती लागला आणि त्याला चिकटलेला पिवळा धागा पाहून सासरे आठवले. ते यंत्रमागावर काम करत. 2011 साली मुलगी न्यूयॉर्कला निघाली, त्या रात्री त्यांनी चादरीच्या सुताचे एक टोक मुंबईवर धरून दुसरे न्यूयॉर्कपर्यंत ताणले, ते ताठ होताच रशिया, नॉर्वे, आइसलंड असे वरून गेले, तेव्हा "जायचंय पश्चिमेला, मग पोरगी उत्तरेला कशाला चालली?" असे त्यांनी विचारले. गोलावर तीच सर्वांत जवळची वाट, साधारण 12,500 किलोमीटरची, हे त्यांना त्या सुतानेच पटले. थेट विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात, परंतु आमच्या दारातून तिच्या दारात पोहोचायला तिला चौतीस तास लागले होते. आपणही आपले अनुभव लिहावेत.

सात रस्ता
येतानाची वेळही मोजून पाहा. आमच्या यजमानांच्या वहीत जाताना 15 तास 50 मिनिटे आणि येताना 14 तास 10 मिनिटे अशी नोंद आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. परतताना ते विमानाच्या पाठीशी असतात.

भवानी पेठ
वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्यूयॉर्कमध्ये होतो. जानेवारी असल्यामुळे दोन्हीकडच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर होते. मिळेल त्या तिकिटावर, वाटेत एक विमान बदलून मध्यरात्री मुंबईत उतरलो, तेव्हा सिद्धेश्वर एक्स्प्रेस निघून गेली होती. तेथून चारशे किलोमीटर गाडीने आलो. माझ्यासाठी थांबू नका, असे मीच भावाला सांगितले होते. राख सावडायला तेवढा पोहोचलो. हातातले घड्याळ तोवर तिकडच्याच वेळेवर चालले होते.

होटगी रोड
भवानी पेठ, वाचून डोळे भरून आले. पहाटेच्या फोनची धास्ती आमच्याही घरात आहे, कारण दोन्ही मुले तिकडेच आहेत.

अक्कलकोट रोड
2025 मध्ये सोलापूर-मुंबई विमान सुरू झाले आहे. आई प्रथमच एकटी मुलाकडे जाणार आहे. तिला त्या विमानाने पाठवावे, की वंदे भारतने?

धागाकर्ती
अक्कलकोट रोड, आईंना आदल्या दिवशीच वंदे भारतने पाठवावे. ती साडेसहा तासांच्या आसपास घेते, परंतु रात्रभर नातेवाइकांकडे विसावा मिळतो. दोन विमानांची तिकिटे वेगवेगळी असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढचे विमान थांबत नाही. व्हीलचेअरची मागणी मात्र तिकीट काढतानाच नोंदवावी, आणि शेंगाचटणी मोठ्या बॅगेत भरावी.