पुण्यातल्या ए.ए. मीटिंगा : पहिल्यांदा कसे पोचलात?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचं आपसातलं मंडळ, अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं, भारतात १९५७ पासून आहे. पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मीटिंगा होतात. तरी सारखं कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "ते नक्की असतं कुठं? आत करतात काय? नाव-पत्ता लिहून घेतात का?" म्हणून हा धागा. जे जातात, जे एकदाच जाऊन परत फिरकले नाहीत, घरचे लोक, सगळ्यांनी लिहा. खरं नाव आणि गटाचा पत्ता तेवढा लिहू नका. उपदेशही नको, तो आपण सगळ्यांनी पोटभर ऐकलाय.

पेठकर
सुरुवात मीच करतो. आमची मीटिंग एका शाळेत भरते. तिसरी-चौथीच्या पोरांचे बाक, गुडघे आत मावत नाहीत म्हणून आडवं बसायचं. फळ्यावर अर्धवट पुसलेला बाराचा पाढा. त्याखाली पाय आखडून बसलेले एक रिक्षावाले काका, एक सीए, एक नुकतंच मिसरूड फुटलेलं पोरगं. कुणी काही लिहून घेतलं नाही. नाव सांगायचं, तेही पहिलंच. "मी अमुक, मी बेवडा आहे," असं काका इतक्या सहज म्हणाले की मी दचकलोच. मला बोला म्हणाले, मी मान हलवली. "नुसतं ऐका," म्हणाले. शेवटी एक डबा फिरला, त्यात ज्याने त्याने जमेल ते टाकलं. नवीन माणसाने टाकलं नाही तरी चालतं. फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला अट एकच : दारू सोडायची इच्छा.

हडपसरची
बायकांसाठी हे सगळं इतकं सहज नसतं, पेठकर दादा. मी गेले त्या खोलीत बाई मी एकटीच. कुणी वावगं वागलं नाही, पण सासूपासून लपवून बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवायची गोष्ट त्या सगळ्या पुरुषांपुढे तोंडातून निघेना. ए.ए.च्या हेल्पलाइनवर तसं स्पष्ट सांगितलं, तेव्हा एका बाईंनी फोन केला. आता आम्ही काही जणी ऑनलाइन भेटतो. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, मुलं मध्ये येतात, तरी बरं चाललंय. महिलांची मीटिंग आहे का, हे आधीच विचारायचं. लाजायचं नाही.

पिंपरीचा फिटर
मला नाही पटलं. देव, उच्च शक्ती, प्रार्थना. मी कारखान्यातला माणूस, युनियनमध्ये वाढलो. गट बदलून बघ म्हणाले, बदलला. दुसरीकडे एक जण म्हणाला, "तुझी उच्च शक्ती म्हणजे हा गटच समज." तेवढ्यावर टिकून आहे. दारू सोडण्याच्या ए.ए.च्या ज्या बारा पायऱ्या आहेत, त्यांतल्या निम्म्या अजून डोक्यावरून जातात. पण पगाराच्या संध्याकाळी परमिट रूमच्या दारावरून जायचं असतं तेव्हा फोन करायला गटातला एक जुना माणूस आहे, स्पॉन्सर म्हणतात त्याला. फोन लागला की तो आधी विचारतो, "जेवलास का?" रिकाम्या पोटी तल्लफ जास्त येते, हे त्याच्याकडून कळलं.

नर्सताई
एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून मध्ये बोलते. जो रोज भरपूर पितो त्याने मनाने एकदम बंद करून थेट मीटिंगला जाऊ नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, भास, फिट येणं असं होऊ शकतं, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर. ससूनला मानसोपचार विभाग आहे. मीटिंग हा औषधाला पर्याय नाही, सोबत आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६.

सहचरी
पिणारा मी नाही, माझे यजमान. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ते राहून आले. ते आत होते तेव्हा मला कळलं की घरच्यांसाठीही वेगळ्या मीटिंगा असतात, अल-अनॉन. तिथे पहिल्याच दिवशी ऐकलं : त्याची दारू तुम्ही लावली नाही, तुम्ही सोडवूही शकत नाही. मला आधी रागच आला. इतकी वर्षं बाटल्या मोरीत ओतल्या त्याचं काय? पण ऑफिसला "ताप आलाय" असे खोटे फोन करणं मी त्या महिन्यात थांबवलं. ते संतापले, सासरचेही बोलले. गटारीच्या दिवशी मी माहेरी जाऊन स्वस्थ झोपले.

कोथरूड, नवीन
सगळं वाचलं. जायचंय, पण सोसायटीतलं कुणी भेटलं तर? आणि एकट्याला धीर होत नाही. भाऊ येतो म्हणतोय.

पेठकर
भेटलं तर तेही त्याच कामाला आलेलं असणार! मला आमच्या बँकेतला माणूस भेटला. काउंटरवर आम्ही दोघंही ओळख दाखवत नाही. आणि हवंच तर कोथरूड सोडून कॅम्पातल्या मीटिंगला जा, काही बिघडत नाही. भावाला न्यायचं असेल तर ए.ए.च्या हेल्पलाइनवर 'ओपन' मीटिंग कधी आहे ते विचारून घ्या. 'क्लोज्ड'ला फक्त दारू सोडू पाहणाऱ्यालाच आत घेतात, भाऊ बाहेर गाडीवर बसून राहील. धीर होत नाही असं फोनवर सांगितलंत, तर कुणीतरी नाक्यापर्यंत घ्यायलाही येतं.