एकाच दिवशी गारा आणि लाट, दोन्ही खरं असू शकतं
'विदर्भात गारा, मुंबईत उष्णतेची लाट, काश्मिरात बर्फ, एकाच दिवशी हे कसं?' असं एकाने विचारलंय. मार्च-एप्रिलमध्ये यात नवल काहीच नाही.

काश्मीरचा बर्फ हा पश्चिमी झंजावाताचा. हे झंजावात भूमध्य समुद्राकडून सरकत येतात, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी दिसतात. मुंबईचं गणित निराळं. पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की समुद्री वारा दुपारी उशिरा आत येतो आणि तेवढ्या वेळात पारा चढतो. किनाऱ्यावर किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, हा लाटेचा निकष. मैदानी भागात ४० लागतात. म्हणून नागपूरकर ३८ ला हसतात!

गारांचं मात्र अवघड आहे. बंगालच्या उपसागरावरून आलेली ओल, वर थंड हवा, खाली तापलेली जमीन, एवढं जुळलं की दुपारनंतर ढग उभे राहतात. 'विदर्भात तुरळक ठिकाणी गारपीट' इतकं आदल्या दिवशी सांगता येतं. कोणत्या गावात, ते रडारवर ढग दिसल्यावरच, म्हणजे जेमतेम दोन-तीन तास आधी. 'तुरळक' हा शब्द लोक वाचतच नाहीत आणि आपल्याकडे पडलं नाही की हवामान खात्याला शिव्या घालतात.

हरभरा कापून शेतात पडला असेल तर हवामान खात्याचा पिवळा इशारा (म्हणजे लक्ष ठेवा) दिसताच ताडपत्री टाका. त्यापुढच्या, जास्त गंभीर नारिंगी इशाऱ्याची वाट बघू नका.