एका ग्लुकोजचे एटीपी किती? ३८, ३६, ३२ की ३०?

जास्वंद_अकरावी

नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे वर्गात मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती आपली तंतुकणिकाच, हे डोक्यात बसायलाच पहिला महिना गेला. हसू नका.

आता श्वसनाच्या धड्यात अडले आहे. एका ग्लुकोजपासून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, किती मिळतात? पुस्तकात ३८. क्लासच्या नोट्समध्ये ३६. ताईच्या बीएस्सीच्या वहीत ३० किंवा ३२, आणि तिथे चक्क लिहिलंय की एका एनएडीएचपासून (अन्नातले इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) अडीच एटीपी. अर्धा रेणू कसा तयार होईल? क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले, पुस्तकात आहे ते लिहायचं, खोलात शिरू नकोस.

दुसरी शंका. बायोलॉजीत सांगतात की एटीपीचा शेवटचा फॉस्फेट बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते. त्याच आठवड्यात केमिस्ट्रीत शिकवलं की बंध तोडायला ऊर्जा लागते, जुळताना ती बाहेर पडते. मग खरं कोण बोलतंय? दोन्ही सर एकाच स्टाफरूममध्ये बसतात, त्यांनीच आपसांत ठरवून घ्यायला हवं होतं.

वाशिष्ठीकाठ

तुझ्या दोन शंकांचं मूळ एकच आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते. ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवली. त्यातली पहिली काही वर्षं मीही "३८, चला पुढे" म्हणूनच शिकवली, तेव्हा तुझ्या सरांवर रागावू शकत नाही.

माझे वडील पोफळीच्या वीजगृहात नोकरीला होते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठी नदीला जाऊन मिळतं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, पाण्यातली वीज काढून घेतल्यावर खालच्या पाण्यात काय उरतं? ते म्हणाले, "पाणीच. वरही पाणीच होतं." त्या उत्तराचा अर्थ मला एमएस्सीला लागला.

आधी तुझी दुसरी शंका. केमिस्ट्रीचे सर बरोबर आहेत. कुठलाही बंध तोडायचा तर ऊर्जा घालावीच लागते, एटीपीचाही. पण एटीपी नुसता तुटत नाही, त्याची पाण्याशी अभिक्रिया होते. जुना बंध जातो, नवे जुळतात. तीन फॉस्फेट शेजारी शेजारी, प्रत्येकावर ऋणप्रभार, एकमेकांना ढकलत बसलेले असतात. एक सुटला की ती ढकलाढकली कमी होते, आणि सुटलेल्या फॉस्फेटला पाणी छान सांभाळून घेतं. जमाखर्च मांडला की हाती ऊर्जा उरते, प्रमाणित स्थितीत मोलला सुमारे ३०.५ किलोज्यूल. बायोलॉजीत ही सगळी हकिगत "बंध तुटला, ऊर्जा मिळाली" एवढ्यावर उरकतात. ही सवय १९४१ पासूनची आहे. त्या वर्षी जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी ऊर्जासंपन्न फॉस्फेट बंध अशी कल्पना मांडली आणि त्या बंधासाठी नागमोडी रेघ वापरली. रेघ सोयीची, पण तिने पोरांची समजूत करून दिली की बंधात फटाक्यासारखं काहीतरी ठासून भरलंय.

आणि ३०.५ हाही प्रयोगशाळेतला आकडा. पेशीत तो ५० च्या आसपास जातो, कारण पेशी एटीपीचं प्रमाण एडीपीच्या (एक फॉस्फेट सुटल्यावर उरतो तो) मानाने सतत चढं ठेवते. समज, एटीपी आणि एडीपी समतोलाला आले. तेच रेणू, तेच बंध, पण काम शून्य. धरण आणि नदी एका पातळीला आल्यावर पोफळीत कुठलं चाक फिरणार आहे?

आता तुझा अडीचचा प्रश्न. एनएडीएच स्वतः एटीपी बनवत नाही. तो इलेक्ट्रॉन देतो. ते इलेक्ट्रॉन वहन साखळीतून, म्हणजे पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या रांगेतून, ऑक्सिजनकडे जाताना तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून प्रोटॉन बाहेर उपसले जातात, म्हणजे दोन पटलांमधल्या फटीत साठतात. हे झालं धरण. ते प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाच्या विकरामधून परत आत येतात आणि येताना त्याला फिरवतात. फिरवतात हे मी उपमा म्हणून लिहीत नाही, ते विकर खरोखर गरगर फिरतं.

आता गणित. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन उपसले जातात, एफएडीएच२ या तशाच दुसऱ्या वाहकामागे ६, कारण तो साखळीत एक पंप सोडून पुढे शिरतो. एक एटीपी तयार करून तंतुकणिकेबाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन खर्ची पडतात. १० भागिले ४ अडीच, ६ भागिले ४ दीड. अर्धा रेणू कुठेच तयार होत नाही. धरण सगळ्यांचं एकच. कुठल्या एनएडीएचचा प्रोटॉन कुठल्या एटीपीला लागला याची नोंद कोणी ठेवत नाही. पावसाच्या एका सरीपासून किती युनिट वीज, याचं उत्तर अपूर्णांकात आलं तर आपण दचकतो का?

मग जुन्या हिशेबातले एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच२ चे २ एटीपी आले कुठून? साखळीत तीन ठिकाणी ऊर्जा हाती लागते, तेव्हा प्रत्येक ठिकाणी थेट रासायनिक रीतीने एकेक एटीपी बनत असणार, असं लोक धरून चालले होते. ते मधलं रसायन वर्षानुवर्षं शोधलं, सापडलं नाही. १९६१ मध्ये ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी सांगितलं की असं रसायनच नाही, आहे ती पटलाच्या दोन बाजूंमधली प्रोटॉनची चढउतार. फार थोड्यांना पटलं. पुढे ते कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटून बसले. १९७८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला या हकिगतीतला अमेरिकी शास्त्रज्ञ जॅगेन्डॉर्फ यांचा १९६६ चा प्रयोग जास्त आवडतो. त्यांनी हरितलवकांची पटलं अंधारात आम्लात भिजवली, मग एकदम अल्कधर्मी द्रावणात टाकली. उजेड नाही, इलेक्ट्रॉनची ये-जा नाही, तरी एटीपी तयार झाले. नुसत्या पातळीच्या फरकावर!

शिवाय धरण गळतंही. आणि कधी कधी मुद्दाम गळतं. तान्ह्या बाळांच्या मानेभोवती, पाठीवर तपकिरी चरबी असते. तिथल्या तंतुकणिकांत प्रोटॉनना आत यायला वेगळी वाट असते, चाकाला वळसा घालून. एटीपी बनत नाहीत, सगळ्याची उष्णता होते. थंडीत कुडकुडताही न येणारं बाळ त्यावर ऊब धरतं. अशीच गळती डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन करतं. १९३० नंतर अमेरिकेत ते वजन उतरवायला म्हणून विकलं गेलं. वजन उतरलं, माणसं आतून तापून मेलीसुद्धा. १९३८ मध्ये तिथे ते बंद करावं लागलं. बाळाच्या चरबीतून एटीपी किती, या प्रश्नाला तू ३८ लिहिणार का?

पिपेटधारी

काकू, धरण झकास. मी पटलातल्या प्रथिनांवरच पीएचडी करतोय, म्हणून थोडी भर घालतो.

फिरण्याबद्दल: एटीपी सिंथेजचं काम उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी या विकराच्या दांड्याला एक चमकणारा तंतू चिकटवून तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना दाखवला. प्रयोगात त्यांनी चाक उलटं चालवलं होतं, एटीपी खर्चून. तरी पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो.

आणि जास्वंद, घाबरू नकोस, पण अडीचही शेवटचा शब्द नाही. चाकाच्या एका फेरीत ३ एटीपी बनतात आणि फेरीला प्रोटॉन लागतात चाकाला दाते असतील तितके. गायीच्या तंतुकणिकेत दाते ८, यीस्टमध्ये १०, पालकाच्या हरितलवकात १४. गायीचं गणित कर: ८ भागिले ३ म्हणजे २.६७, अधिक बाहेर पोचवायचा १, झाले ३.६७. त्याने १० ला भाग. अडीचपेक्षा थोडं जास्तच येतं.

किराणा_अँड_सन्स

धागा वाचून डोकं गरगरलं. माझा मुलगा नीटला बसतोय. परीक्षेत काय लिहायचं तेवढं सांगा ना.

वाशिष्ठीकाठ

परीक्षेत पुस्तकातला आकडा, ३८. पण त्याच पानावर आधी काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या त्याला वाचायला सांगा: सगळं ओळीने, एकापाठोपाठ एक होतं, मधला कुठलाही पदार्थ दुसऱ्या कामाला वळत नाही, वगैरे. जिवंत पेशीत हे लागू नाही असं पुस्तक स्वतःच म्हणतं. मुलं तेवढा परिच्छेद हायलायटरविना सोडून देतात.

जास्वंद_अकरावी

बाई, करून पाहिलं. एनएडीएच एकूण १०, एफएडीएच२ एकूण २, थेट मिळालेले ४. जुन्या हिशेबाने ३० + ४ + ४ = ३८. नव्याने २५ + ३ + ४ = ३२. ताईचे ३२ जुळले!

पण ३० येत नाहीत. ग्लायकोलायसिसचे (ग्लुकोज फोडण्याचा पहिला टप्पा) २ एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात, तंतुकणिकेत नाही. ते आत कसे जातात? आत जायला काही लागतं का?

वाशिष्ठीकाठ

ते आत जातच नाहीत. दारातच इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या हाती देतात. दारं दोन प्रकारची आहेत. यकृतात, हृदयात मुख्यतः ज्या दाराने काम चालतं तिथे ते आतल्या एनएडीएचलाच मिळतात, काही तोटा नाही. दुसऱ्या दाराने गेले तर एफएडीएच२ च्या पायरीवर उतरतात, म्हणजे अडीचच्या जागी दीड. आता २ एनएडीएचचा तोटा किती ते बघ. तुझ्या क्लासच्या ३६ चंही गणित यातच आहे, जुन्या दराने.

जास्वंद_अकरावी

२ कमी. ३२ चे ३०, ३८ चे ३६. म्हणजे चारही आकडे बरोबर होते?? उद्या स्टाफरूममध्ये जाते.