व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं तर ऑगस्टच का?

पाऊलवाट:

मे महिना लागला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला चाललोय, बरोबर काय काय घेऊ?" तोवर पंधरा ऑगस्टला जोडून रजा टाकलेली असते, तिकिटं निघालेली असतात. रेनकोट कुठला, बूट कुठले हे मी सांगतो. पण मनातलं सांगायचं राहून जातं, ते आज लिहितो. उत्तराखंडातल्या या फुलांच्या दरीत जायचं तर ऑगस्टचा हट्ट सोडा. हातात मोजकेच दिवस असतील तर सप्टेंबरात जा.

मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सहल कंपनीबरोबर. हरिद्वार ते हरिद्वार सहा दिवस. पहिला दिवस जोशीमठपर्यंतच्या प्रवासात, दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, पुलना आणि तिथून चालत घांघरिया, म्हणजे मुक्कामाचं शेवटचं गाव, तिसरा दरीचा, चौथा वरच्या हेमकुंडाचा, म्हणजे सरोवराकाठच्या शीख गुरुद्वाराचा, पाचव्या दिवशी उतरायचं, सहाव्या दिवशी परत. पिपळकोटीच्या पुढे दरड आली आणि आम्ही सव्वीस तास रस्त्यावर अडकलो. जेसीबी ढिगारा उपसायचा, वरून पुन्हा माती घसरायची. आमच्यातले एक आजोबा रात्रभर खिडकीतून वरच्या कड्याकडे बघत बसले होते. घांघरियाला पोचलो तेव्हा एकच दिवस उरला होता. दरी की हेमकुंड, ते हात वर करून ठरवलं. दरीत साडेतीन तास मिळाले, तेही अशा धुक्यात की समोरचा डोंगर दिसलाच नाही.

दुसऱ्यांदा सप्टेंबरात गेलो. फुलं कमी होती, मान्य. पण आकाश मोकळं होतं, गवत तांबूस व्हायला लागलं होतं आणि भोजपत्राच्या झाडांची साल उन्हात कागदासारखी सुटून हलत होती. पार पुष्पावती नदीच्या पात्रापर्यंत चालत गेलो, दगडावर तासभर बसलो. दरी केवढी आहे ते मला त्या दिवशी कळलं. आणि ऑगस्टच्या फोटोंत जे गुलाबी गालिचे दिसतात, ते बरेचसे एकाच झाडाचे असतात, आपल्या तेरड्याच्या भाऊबंदाचे. त्या एका गालिच्यासाठी आईवडिलांना आणि पोरांना भर पावसात त्या रस्त्यावर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निळी पाकळी:

दादा, तुमच्या सव्वीस तासांबद्दल खरंच वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. खापर ऑगस्टवर फोडताय, चूक मात्र राखीव दिवस न ठेवणाऱ्या कार्यक्रमाची आहे.

उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. पण फुलांचा हिशेब त्याहून फार तोकडा आहे. जूनमध्ये जागोजागी बर्फ असतो आणि त्याच्या कडेने प्रिम्युला, अ‍ॅनिमोन डोकं वर काढतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त जाती एकाच वेळी फुललेल्या असतात. त्यानंतर तेरडा सगळं व्यापतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण मग त्यावरचा उपाय जुलै आहे, सप्टेंबर नाही! सप्टेंबरात तुम्ही मुख्यतः बिया बघून आलात.

ब्लू पॉपी पाहिली आहे का तुम्ही? मी पाहिली ती २४ जुलैला, हेमकुंडाच्या वाटेवर, खडकाच्या खोबणीत. देठावर बारीक काटे, हात लावायची सोय नाही. आणि त्या काटेरी देठावर ओल्या रेशमासारखी निळी पाकळी, मधोमध पिवळेधमक पुंकेसर. पावसाचा एक थेंब पाकळीच्या टोकाला लोंबकळत होता. मी गुडघे टेकून बसले आणि मागून येणारे लोक बाजूने वाट काढत गेले. ते फूल सप्टेंबरात मला भेटलं नसतं.

आणखी एक. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना या दरीत उतरला तोही जुलैतच. त्या एका दर्शनाने तो १९३७ मध्ये परत आला आणि इथे कित्येक आठवडे तळ ठोकून राहिला. पाऊस आहे म्हणून तर ती फुलं आहेत. पाऊस टाळून ती बघायची, हे मला समजतच नाही.

चढउतार:

रस्त्याबद्दल बोलतो, कारण पाहुण्यांना घेऊन त्या मार्गावर माझं नेहमीचं जाणं आहे.

"सप्टेंबर म्हणजे सुरक्षित" असं कुणी समजू नये. उत्तराखंडातून मान्सून परततो तो साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. त्यातून दोन महिने पाणी पिऊन डोंगर फुगलेला असतो. पाऊस थांबल्यावर स्वच्छ ऊन पडलेलं असतानाही दरड येते. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधलं सिरोबगड असंच वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध आहे. रस्ता रुंद करताना जिथे डोंगर उभा कापला आहे, तिथे नवीन ठिकाणीही माती सुटते.

मग करायचं काय? ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. पहाटे पाचला निघा, दुपारी चारच्या आत पोचा. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर असूच नका, कारण वरून येणारा दगड रात्री दिसत नाही. वाटेत रुद्रप्रयाग किंवा पिपळकोटीला मुक्काम करून प्रवास दोन दिवसांत वाटला तर फारच उत्तम. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर हॉटेलचे पैसे गेले तरी जागेवर थांबा. अतिवृष्टीत दरीत सोडणंही बंद करतात, त्यामुळे घाई करून पोचलात तरी दारातूनच परतावं लागतं.

जुलै असो की सप्टेंबर, सहा दिवसांची सहल मी मोजतच नाही. आठ दिवस नसतील तर पुढच्या वर्षी जा.

आईसोबत:

माझा प्रश्न वेगळा आहे. आई ६७ वर्षांची, गुडघे बरे आहेत, रोज पाच किलोमीटर चालते. तिला दरी बघायची आहे आणि हेमकुंडसाहिबही. घोडं मिळतं ना सगळीकडे?

निळी पाकळी:

ताई, सगळीकडे नाही. पुलना ते घांघरिया घोडी-खेचरं मिळतात, हेमकुंडाच्या वाटेवरही मिळतात. दरीत मात्र जनावर नेता येत नाही. तिथे पायी, नाहीतर कंडी, म्हणजे माणसाच्या पाठीवरची टोपली. दरीच्या सुरुवातीला पुष्पावतीवरचा पूल ओलांडला की खरी छातीवरची चढण लागते, ती संपली की आत जमीन बऱ्यापैकी सपाट आहे. रोज पाच किलोमीटर चालणारी बाई सावकाश गेली तर नक्की पोचेल. फक्त सकाळी फाटक उघडल्या उघडल्या आत शिरा. आत मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत बाहेर यावंच लागतं, म्हणून सकाळचा प्रत्येक तास मोलाचा.

चढउतार:

त्यात क्रम महत्त्वाचा आहे. घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर, हेमकुंड ४,३०० मीटरच्याही वर, आणि ही चढाई अवघ्या सहा किलोमीटरमध्ये. आधी दरीचा दिवस ठेवा, हेमकुंड दुसऱ्या दिवशी. एक दिवस त्या उंचीवर चालून झालं की शरीर थोडं सरावतं. घोड्यावरून जाणाऱ्यांना उलट त्रास जास्त होताना मी पाहिलाय, कारण पाय दमत नाहीत आणि उंची मात्र भराभर वाढते. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर "आता थोडंच राहिलंय" म्हणून रेटायचं नाही, खाली वळायचं. वर सरोवराकाठी मुक्कामाची सोय नाही, पण लंगरमध्ये गरम चहा आणि खिचडी मिळते, तिचा आधार फार मोठा वाटतो. हेमकुंडासाठी राज्याच्या पर्यटन खात्याकडे यात्रेची नोंदणी लागते आणि दरीचा परवाना वेगळा. दोन्हींत गल्लत करू नका.

रानमोडी:

तुम्ही सगळे तारखेवर भांडताय, मी जरा मुळावर येतो. ८७.५ चौरस किलोमीटरचं उद्यान, पण माणसं चालतात ती एकाच चिंचोळ्या वाटेवर आणि बहुतेक सगळी महिना-सव्वा महिन्यात. "एकदाच जातोय तर बहरातच जाऊ" असं प्रत्येकाने म्हटलं, तर त्या वाटेचं काय होतं? समोरून गट आला की लोक बाजूला झाडांत उभे राहतात, आणि ती "झाडं" म्हणजेच आपण बघायला आलेली फुलं. माणसं विभागली जावीत म्हणून तरी पाऊलवाट यांचा सप्टेंबर मला पटतो.

चराईचाही विचार करा. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि मेंढ्या-गुरं नेणं थांबलं. त्यानंतर अमेला नावाची पुरुषभर वाढणारी वनस्पती पसरली आणि वन विभागाला ती उपटत बसावं लागतं. चराई बंद झाल्यामुळे ती माजली, असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते मान्य नाही. आपल्याकडे कासच्या पठारावर कुंपण आणि चराईवरून हाच वाद झाला. भ्यूंडार आणि पुलन्याच्या लोकांची पिढ्यानपिढ्यांची कुरणं गेली, २०१३ च्या पुरात भ्यूंडार गाव वाहून गेलं, आणि आता त्यांचं पोट याच मोसमावर आहे. मला वाटतं त्यांच्याकडून वाटाड्या घ्यावा, त्यांच्याकडे राहावं. फुलांची नावं त्यांना येतात, त्या फुलांचं औषध काय तेही येतं.

निळी पाकळी:

वाटाड्याबद्दल शंभर टक्के सहमत. गर्दीबद्दल अर्धी. गर्दी शनिवार-रविवारला आणि पंधरा ऑगस्टच्या आसपास उसळते. जुलैतल्या मंगळवारी, पावसात, मी दरीत जोन लेगच्या समाधीपाशी एकटी उभी होते. वनस्पती गोळा करायला आलेली ही बाई १९३९ च्या जुलैत इथेच कड्यावरून घसरून गेली. त्या पांढऱ्या दगडाभोवती कंबरेएवढी फुलं होती आणि पाण्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. बहर आणि एकांत दोन्ही मिळतं, रजा आठवड्याच्या मध्ये टाकावी लागते एवढंच.

पाऊलवाट:

सगळं वाचलं. चढउतार यांचा मान्सूनचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. सप्टेंबरचा पहिला आठवडा मला कोरडा मिळाला, पण तो नशिबाचा भाग होता आणि त्यावरून मी सल्ला द्यायला नको होता. दुरुस्त करतो: सप्टेंबरात जायचं तर तिसऱ्या आठवड्यानंतर.

पण ताई, तुमच्या जुलैला अजून विरोधच आहे, निदान ज्यांना आठ दिवस मिळत नाहीत त्यांच्यासाठी. तुम्ही एकट्या, पावसात, गुडघे टेकून बसू शकता. शाळेची पोरं आणि दोन म्हातारी माणसं घेऊन निघालेल्याला पहिला प्रश्न घरी सुखरूप परतायचा असतो, पॉपीचा नंतर. आणि सप्टेंबरात काहीच नसतं, असंही नाही. हेमकुंडाजवळ मला खडकांत ब्रह्मकमळं दिसली होती. आपण घरी कुंडीत लावतो आणि जे रात्री फुलतं ते निवडुंगाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे खरं ब्रह्मकमळ फिकट, कागदी पानांच्या द्रोणात जांभळट गेंद मिटून घेतलेलं असतं. आमच्यातल्या एका काकूंनी वाकून नुसता नमस्कार केला, तोडलं नाही.

आईसोबत:

आईला सगळं वाचून दाखवलं. तिला ब्लू पॉपी आणि ब्रह्मकमळ, दोन्ही हवं आहे! दोन्ही एका फेरीत दिसतील असा काही काळ आहे का?

निळी पाकळी:

आहे, पण दादांना आवडणार नाही: ऑगस्टचा पहिला पंधरवडा, हेमकुंडाच्या वाटेचा वरचा टप्पा. उशिराची एखादी पॉपी आणि उमलायला लागलेली ब्रह्मकमळं एकाच चढणीवर भेटू शकतात. पंधरा ऑगस्टचा आठवडा सोडा, दहा दिवस काढा, दोन राखीव ठेवा.

पाऊलवाट:

दहा दिवस आणि दोन राखीव असतील तर माझी हरकत नाही. आईंसाठी दोन्ही हातांत काठ्या घ्या, उतरताना दगडी पायऱ्या फार निसरड्या असतात.