'उलटला' की 'फिरला'? झॉम्बी मालिकेतल्या गद्दाराचं क्रियापद

उंबरठा
झॉम्बी मालिकेच्या उपशीर्षकांत एका वाक्याशी अडलंय. मूळ इंग्रजीत 'ही टर्न्ड' एवढंच आहे. तिसऱ्या भागात वाटतं, चावा लागून माणूस झॉम्बी झाला. आठव्यात कळतं, तो धडधाकट आहे आणि बाहेरच्या टोळीला फाटकाची किल्ली त्यानंच दिली. एकच क्रियापद दोन्हीकडे बसायला हवं. 'बदलला'मध्ये दगा नाही, 'फितूर झाला' लिहिलं तर तिथेच गुपित फुटतं.

मात्रा
'उलटला' घ्या. 'दुखणं उलटलं' आजाराचं, 'धन्यावर उलटला' दग्याचं. फक्त 'वर' गाळा. 'तो केव्हाच उलटला' म्हटलं की दोन्ही अर्थ जिवंत राहतात.

तिसरी घंटा
पटत नाही. 'ताप उलटला' म्हणजे उतरलेला ताप पुन्हा चढला. तिथे उलटतं ते दुखणं, माणूस नव्हे. त्यापेक्षा 'फिरला' बरा. घर फिरलं की वासे फिरतात, ते हेच फिरणं. 'फितूर'ही त्याच 'फिर'मधून आलाय.

गाळीव
नाही, 'फितूर' अरबीतून आला. मूळ अर्थ ढिलाई, बिघाड. हिंदीत त्याचा अर्थ डोक्यातलं खूळ झाला, मराठीत शत्रूला सामील होणं. म्हणून साक्षीदार 'फितूर' होतो: एक बाजू सोडून दुसरीला मिळतो. झॉम्बींना बाजूच नसते, त्यांना कुणी फितूर होऊ शकत नाही. टोळी आहे म्हणून इथे शब्द चालतो. चावा लपवून तळावर झोपणारा मात्र फितूर नव्हे. तो दगा देतो.

तिसरी घंटा
मग शेवटी उघडा पडल्यावर त्याला 'अस्तनीतला साप' म्हणू.

गाळीव
मराठीत अस्तनीत निखारा असतो. साप हिंदीतून आला.

तिसरी घंटा
आणि 'अस्तनी' फारसीतून! आता साप सगळे म्हणतात, प्रेक्षकाला लगेच कळतो. शिवाय निखारा कपडा जाळतो, साप चावतो. चाव्याच्या गोष्टीत सापच हवा.

मात्रा
'फिरला'ची खरी अडचण राहिलीच: 'कुठे फिरला?' असं वाचलं जाईल.

पडदा
क्रियापदाचा अर्थ नंतर बघा, आधी लिंग लपवा. वॉकीटॉकीवरचा अनोळखी आवाज 'मी येतोय' म्हणाला की निम्मे संशयित बाद. इंग्रजीत हे घडत नाही, म्हणून पटकथेत त्याची काळजी घेतलेली नसते. भूतकाळी सकर्मक वाक्य बहुधा सुरक्षित: 'मी फाटक उघडलं'. भविष्यकाळही: 'मी येईन'. पण 'विसरणे' सकर्मक असूनही फसवतं, 'विसरलो' किंवा 'विसरले' करावंच लागतं. तिथे 'किल्ली राहून गेली' लिहा. 'ज्यानं हे केलं' हेही पुरुषाकडे बोट दाखवतं. 'हे कुणी केलं?' दाखवत नाही.

उंबरठा
हे लक्षातच आलं नव्हतं. पाचव्या भागात तो आवाज चार वेळा 'येतोय' म्हणतो. चारही ठिकाणी 'येईन'?

गाळीव
'येईन' हा वायदा झाला. माणूस निघालाय हे त्यात दिसत नाही.

पडदा
मग 'पोहोचायला दहा मिनिटं'. दोन ओळींत आरामात मावतं.