शब्दचर्चा : प्रकाशनपूर्व आवृत्ती, उमेदवार आवृत्ती आणि ~ हे चिन्ह

प्रश्न (नागपूर) : कॉलेजच्या लॅबसाठी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजांची मराठी माहितीपुस्तिका लिहून राहिलो आहे. 'प्री-रिलीज'ला 'पूर्वावृत्ती' म्हटलं तर चालेल का? आणि १.०.०-आरसी१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट) असलेल्या मशीनला १.०.०-१ दिलं, तर ती ते अपग्रेड का धरत नाही?

उत्तर : भाऊ, 'पूर्वावृत्ती' नका वापरू. वाचणारा मागची आवृत्ती समजेल, म्हणजे ०.९. तुम्हाला सांगायचंय ते १.०.०चंच, अजून जाहीर न झालेलं रूप. 'प्रकाशनपूर्व आवृत्ती' लांब आहे, पण घोटाळा करत नाही. आरसीला 'उमेदवार आवृत्ती' छान बसतं.

आता मशीनचं. डेबियनमध्ये शेवटच्या - नंतरचा भाग मूळ सॉफ्टवेअरचा नसतो, तो पॅकेज बांधणाऱ्याचा असतो. पुस्तकाच्या भाषेत आधीची ती आवृत्ती, नंतरचं ते पुनर्मुद्रण. त्यामुळे तुमचं 'आरसी१' पुनर्मुद्रणाच्या जागी गेलं, आणि तिथे अक्षराने सुरू होणारा भाग नुसत्या १ पेक्षा मोठा ठरतो. १.०.०~आरसी१-१ असं लिहा. ~ हे चिन्ह काहीच नसण्याच्याही आधी लागतं, म्हणून ते १.०.०-१ च्या खाली राहतं. पॅकेज पाठवण्याआधी डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज-साधनाच्या कम्पेअर-व्हर्जन्स पर्यायाने तपासा. पडद्यावर काही उमटत नाही. एक्झिट कोड (आदेश संपताना परत येणारा आकडा) ० आला तर तुलना खरी, १ आला तर खोटी.

पुरवणी : सेमव्हरमध्ये (आवृत्त्यांना आकडे देण्याची एक पद्धत) मात्र - हेच प्रकाशनपूर्वतेचं चिन्ह आहे, गोंधळाचं मूळ तिथेच. शिवाय सेमव्हरमध्ये आरसी.१० लिहा, आरसी१० नको. टिंब नसेल तर पूर्ण तुकड्याची अक्षरांसारखी तुलना होते आणि आरसी१० हे आरसी२ च्या आधी लागतं. अल्फा, बीटा, आरसी हा क्रम रोमन वर्णक्रमाने आपोआप जुळतो. 'डेव्ह' (विकास चालू असतानाची आवृत्ती) मात्र बीटानंतर जाऊन बसतं. पायथन भाषेच्या पेप ४४० या आवृत्ती-नियमांमध्ये डेव्ह सगळ्यांच्या आधी धरतात.

प्रश्न : चुकीचं पॅकेज लॅबमध्ये आधीच गेलं असेल तर? एपॉक (आवृत्तीच्या पुढे : देऊन लावलेला, सगळ्यात आधी तुलना होणारा आकडा) लावू का? त्याला 'कालखंड' म्हणू?

उत्तर : 'कालखंड' नको, त्या आकड्याचा काळाशी संबंध नाही, 'एपॉक'च ठेवा. सॉफ्टवेअर तुमचंच असेल तर सरळ १.०.१-१ काढा, ते आरसी१ च्या वर जातं. एपॉक, म्हणजे १:१.०.०-१, हा शेवटचा उपाय. एकदा लावला की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तो ठेवावाच लागतो, आणि डेब फाइलच्या नावात दिसत नसल्याने नवख्याला क्रम का बिघडला ते कळतही नाही.