सौराष्ट्री भाषेने स्वतःची लिपी सोडावी का?

मूळ धागा
मदुराईच्या रेशीम विणकरांची सौराष्ट्री भाषा काही शतकांपूर्वी पश्चिम भारतातून दक्षिणेत गेली आणि मराठी, कोकणी, तेलुगू यांच्याकडून बरेच काही घेत तमिळ मुलखात स्थिरावली. २०११ च्या जनगणनेत तिचे २,४७,७०२ भाषक नोंदले गेले, आणि तेही गुजरातीच्या पोटात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टी. एम. राम राय यांनी तिच्या लिपीत पुस्तके छापली. २००८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक मानकातही, आली. तरीही आज बहुतेक घरांत ती कोणाला वाचता येत नाही, म्हणून ‘तमिळ किंवा देवनागरी वापरा’ असा आग्रह धरला जातो. माझा त्याला विरोध आहे. ‘म्हैस’, ‘न्हावी’, ‘कोल्हा’ हे शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. म्ह, न्ह, ल्ह यांसाठी आपण जोडाक्षर लिहितो. सौराष्ट्री लिपीत मात्र म, न, ल यांना ‘हारू’ नावाचे एक स्वतंत्र चिन्ह लागते. ज्यांनी ते योजले त्यांचा कान किती तयार असेल!

प्रतिसाद १
हारूचे कौतुक मलाही आहे, पण प्रश्न मुलांचा आहे. मदुराईतले मूल शाळेत तमिळ अक्षरे गिरवते. घरात भाषाच कमी बोलली जात असताना तिच्यासाठी आणखी एक वर्णमाला शिकायला लावली, तर ते दोन्ही सोडून देईल. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे हे खरे. पण अक्षराच्या डोक्यावर बारीक २, ३, ४ हे आकडे देऊन सौराष्ट्री छापण्याची पद्धत आहेच. शिवाय मोडी मागे पडली म्हणून मराठी मेली नाही.

प्रतिसाद २
मोडीचा दाखला इथे लागू पडत नाही. मोडी सुटली तेव्हा बाळबोध हाताशी होती, कोट्यवधी भाषक होते, आणि पुढे राज्यही मिळाले. सौराष्ट्रीला यांतले काय आहे? देवनागरीचा आग्रह तर मला अजिबात पटत नाही. तमिळनाडूत १९६८ पासून द्विभाषा सूत्र आहे, सरकारी शाळांत हिंदी शिकवत नाहीत. तेव्हा देवनागरी तिथल्या मुलाला सौराष्ट्री लिपीइतकीच परकी. ती सोय आपल्यासारख्या बाहेरच्या वाचकांची आहे. त्यातच ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांना सौराष्ट्री लिपीत वेगळी अक्षरे आहेत, आपल्या नेहमीच्या देवनागरीत नाहीत.

धागाकर्त्याचे उत्तर
देवनागरीबद्दल पूर्ण सहमत. प्रतिसाद १ मधली मुलांची अडचण मात्र मी कमी लेखली होती, हे मान्य करतो. मग बालगीतांच्या पुस्तकात वरची ओळ सौराष्ट्री लिपीत आणि खालची आकडे दिलेल्या तमिळ अक्षरांत का छापू नये? मूल खालची ओळ वाचेल, वरची रोज नजरेखालून जाईल.

प्रतिसाद १
अशा पुस्तकाला माझी हरकत नाही. पण ती गीते आधी आजीने म्हणून दाखवायला हवीत. आजी नातवाशी तमिळच बोलत असेल, तर दोन्ही ओळी त्याला सारख्याच मुक्या.